अवकाश क्षेत्रातलं आंतरविद्याशाखीय मास्टर्स: कुणी करावं, कधी करावं आणि त्यातून हाती काय लागतं

प्रश्न असा आला आहे: "मी यांत्रिकी अभियंता आहे, दोन वर्षं नोकरी झाली. अवकाश क्षेत्रात जायचं आहे. एकीकडे एरोस्पेसचं शुद्ध तांत्रिक मास्टर्स आहे. दुसरीकडे एकाच वर्षात अभियांत्रिकी, कायदा, धोरण, वैद्यक, व्यवसाय असं सगळं शिकवणारे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहेत. त्यात सगळ्यातलं थोडंथोडं आणि कशातलंच पुरेसं नाही, अशी गत होईल का? माझी मैत्रीण वकील आहे, तिलाही यायचं आहे. तिला गणित झेपेल का?"

आधी थोडक्यात उत्तर. तुमची भीती खरी आहे, पण तिचा संबंध अभ्यासक्रमापेक्षा तिथे जाण्याच्या वेळेशी जास्त आहे. ज्याच्या हातात एक विद्या पक्की आहे त्याला असं वर्ष भरभरून देतं. ज्याच्या हातात अजून काहीच पक्कं नाही, त्याला वर्षाच्या शेवटी नवे शब्द येतात, काम येत नाही. दोन वर्षांच्या नोकरीनंतर तुम्ही अगदी उंबरठ्यावर आहात. मैत्रिणीच्या प्रश्नाकडे शेवटी येते.

मी वीस वर्षांहून अधिक काळ उपग्रहांच्या सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये (सगळे भाग एकत्र नीट चालतील हे पाहणं) काम केलं आहे, आणि गेली बरीच वर्षं अशा अभ्यासक्रमांतल्या टीम प्रोजेक्टना मार्गदर्शन करते. त्यामुळे खालचं मत दोन्ही बाजू पाहून बनलेलं आहे. मी स्वतः तांत्रिक मास्टर्स केलं आणि बाकीचं सगळं कामावर, उशिरा आणि चुका करत शिकले. म्हणून हा विषय मला जवळचा आहे.

अवकाशातली कामं बिघडतात ती बहुधा दोन विद्यांच्या सांध्यावर. नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बायटर या मंगळयानाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २३ सप्टेंबर १९९९ ला ते मंगळाच्या कक्षेत शिरताना नष्ट झालं. थ्रस्टरच्या (यान सावरणाऱ्या छोट्या इंजिनांच्या) झटक्यांचा हिशोब एका चमूच्या सॉफ्टवेअरनं पाउंड-सेकंदांत दिला आणि दुसऱ्या चमूनं तो न्यूटन-सेकंदांत आहे असं धरलं. ४.४५ पटींची ही चूक प्रवासभर साचत गेली, आणि सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायचं यान ५७ किलोमीटरवरून गेलं. बहुतेक वर्गांत गोष्ट इथेच थांबते आणि विद्यार्थी वहीत 'एककं तपासणे' एवढं लिहून घेतात. चौकशी मंडळाचा अहवाल त्याच्या पुढे जातो, आणि मला तो पुढचा भागच महत्त्वाचा वाटतो. त्या यानाचं सौर पॅनेल एकाच बाजूला होतं. त्यामुळे सूर्यप्रकाशाचा दाब यानाला सतत किंचित फिरवू पाहायचा. तो जोर रिअॅक्शन व्हीलमध्ये (यानाची दिशा सांभाळणाऱ्या फिरत्या चाकांत) साठायचा आणि उतरवण्यासाठी थ्रस्टर चालवावे लागायचे, तेही दिशादर्शन करणाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा १० ते १४ पट अधिक वेळा. यानाची रचना ठरत होती तेव्हा ही माणसं त्या बैठकांत नव्हती, म्हणून यानाच्या या सवयीची त्यांना नीट कल्पनाच नव्हती. आकडे जुळत नाहीत अशी शंका त्यांच्यातल्या काहींना आली होती. पण ती ठरलेल्या फॉर्मवर, ठरलेल्या वाटेनं वर गेली नाही.

म्हणजे इथे कुणाचंही स्वतःच्या विषयातलं ज्ञान कमी पडलेलं नव्हतं. कमी पडलं ते शेजाऱ्याच्या कामाबद्दलचं कुतूहल आणि शंका नोंदवण्याची सवय. या दोन गोष्टी एरोस्पेसच्या पाठ्यपुस्तकात सहसा नसतात. आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम चांगला असेल तर तो याच दोन गोष्टी शिकवतो.

दुसरं उदाहरण माणसांच्या अंतराळवासाचं. सूक्ष्मगुरुत्वात नितंबाच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्यानं घटते, म्हणून डॉक्टर म्हणतात की रोज दोनेक तास व्यायाम हवाच. व्यायामात ट्रेडमिलवर धावणं आलं. माणूस धावला की अवकाश स्थानक हादरतं. शेजारच्या मॉड्यूलमध्ये कुणी प्रथिनांचे स्फटिक वाढवत असेल तर त्या शास्त्रज्ञाला हे हादरे नको असतात. रचना पाहणारा अभियंता म्हणतो की पावलांचा ठेका स्थानकाच्या नैसर्गिक कंपनाशी जुळता कामा नये. मग ट्रेडमिलला कंपनं गिळणारी वेगळी बैठक येते, तिचं वजन येतं, तिच्या देखभालीला अंतराळवीराचे तास लागतात. धावणाऱ्याला घाम येतो, तो हवेतून गोळा करून पुन्हा पिण्याच्या पाण्यात आणायचा असतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाण्याचा ९८ टक्के पुनर्वापर साधला गेल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, त्या हिशोबात हा घामही आहे. आणि ट्रेडमिल ज्या मॉड्यूलमध्ये आहे त्यावर अधिकार कुणाचा? १९९८ च्या करारावर १५ देशांच्या सह्या आहेत आणि प्रत्येक भागीदाराचा आपण पुरवलेल्या भागांवरचा अधिकार कायम राहतो. एका माणसानं धावायचं म्हटलं तर वैद्यक, पदार्थविज्ञान, रचनाशास्त्र, जीवरक्षण यंत्रणा आणि कायदा इतकी माणसं बोलवावी लागतात. वर्गात मी हा प्रश्न पहिल्याच दिवशी देते आणि प्रत्येकाला आपापल्या बाजूची फक्त एक अट लिहायला सांगते. अर्ध्या तासात फळा भरतो.

कायद्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अभियंते तिथेच सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. जानेवारी २०१८ मध्ये स्वॉर्म टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीचे स्पेसबी नावाचे चार छोटे उपग्रह भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून कक्षेत गेले. अमेरिकेच्या संपर्क आयोगानं त्यांना आधीच परवानगी नाकारली होती, कारण इतक्या लहान वस्तूंचा जमिनीवरून भरवशानं माग ठेवता येईल का, हा प्रश्न होता. उपग्रह तरीही उडाले, आणि त्याच वर्षी कंपनीला ९ लाख डॉलरचा दंड भरावा लागला. बारीक पाहा: उपग्रहाचा आकार हा अभियंत्याचा निर्णय, त्याचा माग लागणं ही रडारची बाब, परवानगी हा कायद्याचा विषय, आणि प्रक्षेपणाची जागा हातची जाऊ नये ही व्यवसायाची निकड. चौघं एका खोलीत बसून एकमेकांचं नीट ऐकते, तर हा दंड टळला असता असं मला मनापासून वाटतं.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं सहावं कलम सांगतं की खासगी संस्थांच्या अवकाशातल्या कामांनाही राज्याची परवानगी आणि सततची देखरेख हवी. आठवं कलम म्हणतं की ज्या देशाच्या नोंदवहीत वस्तू आहे, त्या देशाचा तिच्यावरचा अधिकार कायम राहतो. यातून एक गोष्ट निघते जी नव्या अभियंत्यांना धक्का देते: दुसऱ्या देशाचा बंद पडलेला उपग्रह, तो कितीही धोकादायक असला तरी, परवानगीशिवाय उचलून आणता येत नाही. जपानच्या अॅस्ट्रोस्केल कंपनीच्या अॅड्रास-जे यानानं २०२४ मध्ये अवकाश कचऱ्याच्या अगदी जवळ जाऊन पाहणी केली, ती जपानच्याच एच-टू-ए रॉकेटच्या टप्प्याची. १९७२ च्या दायित्व कराराप्रमाणे जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झालं तर प्रक्षेपक देशाची जबाबदारी निखळ असते, म्हणजे दोष सिद्ध करावा लागत नाही. अंतराळात नुकसान झालं तर मात्र दोष सिद्ध करावा लागतो, आणि दोष म्हणजे काय हे करारात सांगितलेलं नाही. १० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम ३३ आणि निकामी झालेला कॉसमॉस २२५१ सैबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटरवर धडकले आणि माग ठेवता येतील असे २,००० हून अधिक तुकडे झाले. निकामी उपग्रह बाजूला होऊ शकत नव्हता, चालू उपग्रह होऊ शकत होता. मग दोष कुणाचा? वकील यावर व्याख्या मागतील, कक्षागणित करणारे विचारतील की टकरीची शक्यता किती आधी आणि किती अचूक कळू शकली असती. दोन्ही प्रश्न एकमेकांशिवाय अर्धवट आहेत.

आता अभ्यासक्रमांकडे. या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि अर्ज करणारे त्या एकत्र मोजतात.

सगळ्यात रुंद प्रकार म्हणजे इंटरनॅशनल स्पेस युनिव्हर्सिटीचा. पीटर डायमँडिस, टॉड हॉली आणि बॉब रिचर्ड्स या तीन तरुणांनी १९८७ मध्ये ती उभी केली, १९८८ च्या उन्हाळ्यात एमआयटीमध्ये पहिलं सत्र झालं, पुढे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गजवळ तिचा कायमचा परिसर आला आणि १९९५ पासून मास्टर्स सुरू झालं. तो काळ लक्षात घ्या. शीतयुद्ध संपलेलं नव्हतं, आणि दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांना एका वसतिगृहात, एका प्रकल्पावर बसवायचं ही त्यामागची कल्पना होती. आंतरराष्ट्रीय, आंतरविद्याशाखीय आणि आंतरसांस्कृतिक हे तीन शब्द तिथे पहिल्यापासून घट्ट बांधलेले आहेत. दुसरा प्रकार तांत्रिक पण अनेक देशांत फिरवणारा, जसं स्वीडनच्या लुलेओ विद्यापीठाशी जोडलेला स्पेसमास्टर. त्यात किरुनाला, आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला, रॉकेट आणि बलून जिथून उडतात त्याच परिसरात शिकता येतं. तिसरा प्रकार एका विषयात खोल जाणारा पण विद्यार्थी जगभरचे: मॅकगिलची हवाई आणि अवकाश कायद्याची संस्था १९५१ पासून आहे, लायडनमध्ये तशीच संस्था आहे, वॉशिंग्टनमध्ये अवकाश धोरणाची, आणि कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये अवकाशातल्या खनिज आणि पाणीसाठ्यांवरचा अभ्यासक्रम.

चौथा प्रकार मला व्यक्तिशः सगळ्यात आवडतो, कारण तिथे हातानं उपग्रह करावा लागतो. जपानच्या क्यूशू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा बर्ड्स प्रकल्प. पहिल्या फेरीत जपान, घाना, मंगोलिया, नायजेरिया आणि बांगलादेश इथल्या विद्यार्थ्यांनी १० सेंटिमीटर बाजूचे पाच क्यूबसॅट बनवले. जून २०१७ मध्ये ते अमेरिकेतून फाल्कन ९ रॉकेटवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे गेले आणि जुलैत स्थानकाच्या जपानी किबो मॉड्यूलमधून सोडले गेले. यातल्या काही देशांचा तो पहिलाच उपग्रह होता. विचार करा, त्या विद्यार्थ्यांना काय काय करावं लागलं असेल: फ्रिक्वेन्सीसाठी आपापल्या देशाच्या दूरसंचार खात्यामार्फत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे कागद पाठवणं, बॅटरी स्थानकात धोकादायक ठरणार नाही हे सुरक्षा परीक्षणात सिद्ध करणं, सोडल्यानंतर ठरावीक वेळ अँटेना उघडणार नाही आणि रेडिओ संदेश पाठवणं सुरू होणार नाही याची खात्री देणं. आणि प्रक्षेपक देश कोणता? दायित्व करारात प्रक्षेपण करणारा, करवून घेणारा, ज्याच्या भूमीवरून झालं तो आणि ज्याच्या सुविधेतून झालं तो, असे चारही देश त्यात बसतात. एका मुठीएवढ्या पेटीवर हा प्रश्न सोडवलेला विद्यार्थी पुढे कुठल्याही कंपनीत पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतो. मी मुलाखत घेते तेव्हा 'काय शिकलात' याच्या आधी 'कुठला कागद स्वतः भरलात' हे विचारते.

रुंद अभ्यासक्रमांत हाताच्या उपग्रहाची जागा टीम प्रोजेक्ट घेतो. वीस-तीस जण, दहा-पंधरा देश, डॉक्टरपासून पत्रकारापर्यंत सगळे, एकच विषय आणि एकच अहवाल. बाहेरून तो गप्पांचा कार्यक्रम वाटतो. आतून तो फार कठीण असतो, आणि माझ्या मते फीचा मोठा भाग त्याच्यासाठीच असतो. एकदा चंद्रावरच्या वसाहतीवरच्या प्रकल्पात आमचा चमू 'सुरक्षित' या एका शब्दावर सहा दिवस अडला. रचना पाहणाऱ्यासाठी सुरक्षित म्हणजे अपेक्षित भाराच्या १.४ पट भार सोसणारं. डॉक्टरसाठी सुरक्षित म्हणजे किरणोत्सर्गाचा आयुष्यभराचा डोस मर्यादेत राहणं. वकिलासाठी, काही घडलंच तर कुणाची जबाबदारी हे आधीपासून लिहिलेलं असणं. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय अशी तिघांचीही समजूत होती. सातव्या दिवशी एका भूगर्भशास्त्रज्ञ मुलीनं सांगितलं की हा शब्दच अहवालातून काढा आणि प्रत्येक ठिकाणी कशापासून, किती आणि किती काळ ते लिहा. अहवाल दोन दिवसांत पुढे सरकला. त्यानंतर मी स्वतः कामावरच्या प्रत्येक दस्तऐवजात हेच करायला लागले.

आंतरसांस्कृतिक हा भाग अनेकांना शोभेचा वाटतो. तसा तो नाही. दुसऱ्या एका चमूत एक तरुण अभियंता दोन आठवडे बैठकीत गप्प बसायची. शेवटी कळलं की बॅटरीच्या तापमानाचा आमचा आकडा चुकीचा आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती जिथून आली होती तिथे सगळ्यांसमोर ज्येष्ठाचा आकडा दुरुस्त करणं उद्धटपणा मानला जायचा. तिनं बैठकीनंतर एकट्यात सांगायचा प्रयत्न केला होता आणि चमूच्या प्रमुखाला तो नुसता शिष्टाचार वाटला. यात चूक प्रमुखाची होती आणि मार्गदर्शक म्हणून माझीही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक चमूत बैठकीची पहिली दहा मिनिटं कुणी बोलत नाही. प्रत्येक जण ज्या आकड्यावर विश्वास नाही तो कागदावर लिहितो. मघाशी मार्स क्लायमेट ऑर्बायटरच्या बाबतीत जी शंका फॉर्मपर्यंत पोचली नाही, तिचाच हा छोटा अवतार होता.

आता वेळेबद्दल. पदवीनंतर लगेच जायचं असेल तर मी तांत्रिक किंवा एका विषयात खोल जाणारं मास्टर्सच सुचवते. दोन ते पाच वर्षं काम झालेलं असेल तर रुंद अभ्यासक्रमाचा खरा फायदा मिळतो, कारण तेव्हा तुमच्याकडे देण्यासारखं काहीतरी असतं. टीम प्रोजेक्टमध्ये प्रत्येकाकडे बाकीचे 'हे तुझं खातं' म्हणून पाहतात. औष्णिक गणितं तुमची असतील तर ती तुम्हालाच करावी लागतील, दुसरं कुणी करणार नाही. ज्याचं कुठलंच खातं नाही तो मग अहवालाची मांडणी आणि सादरीकरण सांभाळत राहतो, आणि त्याला स्वतःलाच ते लागतं. तुमच्या बाबतीत एकच गोष्ट विचारते: या दोन वर्षांत तुम्ही एखादा सुटा भाग सुरुवातीपासून चाचणीपर्यंत नेला आहे का? असेल तर जा. नसेल तर आणखी एक वर्ष थांबून तो न्या.

नोकरीचं चित्र स्पष्ट पाहा, कारण इथे मी फार मुलांना निराश होताना पाहिलं आहे. अवकाश क्षेत्र आंतरराष्ट्रीय असलं तरी त्यातल्या नोकऱ्या पूर्णपणे तशा नाहीत. नासामधली सरकारी पदं अमेरिकी नागरिकांसाठी असतात. युरोपीय अवकाश संस्था प्रामुख्यानं सदस्य देशांच्या नागरिकांना घेते. अमेरिकेत प्रक्षेपक आणि काही उपग्रह तंत्रज्ञानं शस्त्रनिर्यातीच्या नियमांखाली येतात, आणि खासगी कंपन्यासुद्धा बहुधा नागरिक किंवा कायम निवासी असलेल्यांनाच घेतात. तुम्ही कितीही हुशार असलात तरी वर्गमित्राच्या इंटर्नशिपच्या इमारतीत तुम्हाला पाऊल ठेवता येणार नाही, असं होऊ शकतं. अर्ज करण्याआधी आपल्या पासपोर्टवर कुठली दारं उघडी आहेत ते कागदावर मांडा. पृथ्वी निरीक्षणाचा डेटा वापरणाऱ्या कंपन्या, उपग्रह विमा, ग्राउंड स्टेशनच्या सेवा, फ्रिक्वेन्सी समन्वय, अवकाश कचऱ्याचा माग, विद्यापीठांतले छोटे उपग्रह, आणि स्वतःच्या देशातल्या नव्या कंपन्या व नियामक संस्था, इथे बंधनं तुलनेनं कमी असतात. आणि या कामांमध्येच दोन विद्या येणाऱ्या माणसाची सर्वांत जास्त गरज असते.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मागच्या दोन तुकड्यांतल्या चार माजी विद्यार्थ्यांशी बोला. त्यातला किमान एक तुमच्यासारख्याच नागरिकत्वाचा असावा. इंटर्नशिप विद्यापीठ मिळवून देतं की स्वतः शोधावी लागते, हे त्यांना विचारा. शिकवणारे पूर्णवेळ आहेत की आठवड्यासाठी येऊन जाणारे पाहुणे, हेही विचारा. पाहुणे वाईट असतात असं नाही, उलट कामावरचं ताजं ज्ञान त्यांच्याकडेच असतं, पण तुमच्या प्रबंधाचा दहावा मसुदा वाचायला कुणीतरी तिथे कायम असावं लागतं. पदवीला कुठल्या देशाची शासकीय मान्यता आहे आणि संस्थेची आर्थिक स्थिती सध्या कशी आहे हे प्रवेशाआधी पाहा. छोट्या, स्वतंत्र संस्थांबाबत हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. शिष्यवृत्ती मिळाली तरी राहण्याचा खर्च त्यात धरलेला आहे का ते तपासा. नऊ महिने पैशाच्या चिंतेत काढलेल्या मुलाला टीम प्रोजेक्टचं काहीच मिळत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे.

वर्षभर जायचं जमत नसेल तर उन्हाळी सत्रं आहेत, काही आठवड्यांची, आणि मध्यम वयाच्या नोकरदारांना तीच जास्त सोयीची पडतात. स्पेस जनरेशन अॅडव्हायझरी काउन्सिल ही १८ ते ३५ वयाच्या लोकांची संघटना १९९९ मध्ये व्हिएन्नातल्या संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश परिषदेतून निघाली. तिच्या कार्यगटांत घरबसल्या काम करता येतं आणि आपल्याला हे बहुविध वातावरण आवडतं का, याचा अंदाज पैसे न घालवता येतो. मी हे सर्वांना सुचवते. काही जणांना तिथे कळतं की त्यांना मनापासून एकट्यानं गणितं सोडवण्यातच आनंद आहे, आणि त्यांनी तेच करावं.

प्रवेश मिळाला तर वर्षाचा उपयोग कसा करायचा? आपला विषय सोडून सर्वांत लांबचा विषय निवडा आणि त्यातलं एक खरं काम करा. तुम्ही अभियंता आहात, तर एखाद्या काल्पनिक उपग्रहाची परवानगी मागणारा अर्ज पूर्ण लिहा: कक्षा, फ्रिक्वेन्सी, आयुष्य संपल्यावर तो खाली कसा आणणार, विमा. अमेरिकेत २०२२ मध्ये खालच्या कक्षेतल्या उपग्रहांसाठी काम संपल्यावर पाच वर्षांत कक्षा सोडण्याचा नियम आला. त्याआधी जगभर २५ वर्षांचा संकेत होता. हा एक आकडा बदलला की तुमच्या इंधनाचा, वजनाचा आणि कक्षेच्या उंचीचा सगळा हिशोब कसा हलतो ते स्वतः करून पाहा. प्रबंध मात्र आपल्याच विषयाच्या जवळचा ठेवा. मुलाखतीत खोली तिथे दिसते.

आता तुमच्या मैत्रिणीचं. वकील, डॉक्टर, अर्थशास्त्रज्ञ अशा विद्यार्थ्यांना गणिताची जी भीती असते ती बहुतेक वेळा आकड्यांची नसते. अभियंते एका दमात दहा संक्षेप बोलतात, तिथे ते हरवतात. त्यांना लागणारं गणित फार नाही, पण ते हातानं केलेलं असावं. लिंक बजेट घ्या. उपग्रहापासून जमिनीपर्यंत संदेश पोचताना किती क्षीण होतो याचा तो जमाखर्च आहे, आणि डेसिबलमध्ये मांडला की नुसती बेरीज-वजाबाकी उरते. अंतर दुप्पट झालं की संदेश एकचतुर्थांश होतो, म्हणजे ६ डेसिबल गेले. ५०० किलोमीटरवरचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत (जिथे उपग्रह जमिनीवरून एकाच जागी दिसतो) नेला तर अंतर सुमारे ७२ पट वाढतं आणि संदेश सुमारे ५,१०० पट क्षीण होतो, ३७ डेसिबलचा फटका. हे एकदा हातानं केलं की भूस्थिर कक्षेतल्या संपर्क उपग्रहांना मोठे अँटेना का लागतात, खालच्या कक्षेत शेकडो उपग्रहांचे जाळे उभारण्याची ओढ का आहे आणि फ्रिक्वेन्सीवरून देशांमध्ये इतकी रस्सीखेच का चालते, हे तिला कुणी समजावून सांगावं लागणार नाही. आणि ते कळलेली वकील फार दुर्मिळ आहे. तिनं जरूर यावं. कायद्यात आधीच दोन-तीन वर्षं काम झालं असेल तर तिला रुंद अभ्यासक्रम. नसेल तर आधी अवकाश कायद्याची खास पदवी आणि मग उन्हाळी सत्र, असा क्रम मी सुचवेन.

अर्ज भरण्याआधी दोघांनी एक महिना काढा. तिनं एका छोट्या उपग्रहाचं लिंक बजेट एका पानावर लिहावं. तुम्ही १९६७ चा करार मुळातून वाचा, सतराच कलमं आहेत, आणि सहाव्या व आठव्या कलमाचा तुमच्या आवडत्या उपग्रहाच्या रचनेवर काय परिणाम होतो ते एका पानावर लिहा. मग पानं बदलून एकमेकांची तपासा. तिच्या पानावर तुम्हाला विचारावेसे वाटलेले आणि तुमच्या पानावर तिनं विचारलेले प्रश्न सांभाळून ठेवा, प्रवेशाच्या निबंधात तेच लिहा.